आर्मांदो कुलासो आठवतात का कुणाला?

सावंतवाडीकर
परवा ऑफिसात जेवताना खालिद जमीलवरून विषय निघाला. भारतीय फुटबॉल संघाला २०१२ नंतर पहिल्यांदाच भारतीय प्रशिक्षक मिळाला वगैरे. तर आमच्यातला एक जण, रात्री दोनपर्यंत जागून चॅम्पियन्स लीग बघणारा, ठामपणे म्हणाला, "आपल्या कोचला मोठी टीम दिली की झेपत नाही, इतिहास बघ." मी विचारलं, कुठला इतिहास? आपली राष्ट्रीय लीग सगळ्यांत जास्त वेळा जिंकलेला प्रशिक्षक ना ब्राझीलचा, ना स्पेनचा. तो आपल्या शेजारचा, गोव्याचा आहे. नाव सांग बघू.

त्याला आठवेना. टेबलावरच्या चौघांपैकी एकालाही आठवेना. मी "आर्मांदो कुलासो" सांगितल्यावर एक जण म्हणाला, "हां, ते डेम्पोवाले."

ते डेम्पोवाले! २००४-०५ आणि २००६-०७ ची नॅशनल फुटबॉल लीग, मग तिचं नाव बदलून आय-लीग झाल्यावर २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२. आठ मोसमांत पाच लीग, एकच क्लब, गोव्याचा डेम्पो, आणि एकच प्रशिक्षक. कोलकात्यात असं कुणी केलं असतं तर त्याच्या नावाने एखादा चौक तरी झाला असता.

माझा मामा म्हापशाला असायचा. सुट्टीत मी त्याच्याकडे गेलो की आम्ही पणजीला बस बदलून मडगाव गाठायचो आणि फातोर्ड्याला मॅच बघायचो. दुपारच्या उन्हाने तिथल्या सिमेंटच्या पायऱ्या अशा तापलेल्या असायच्या की टेकवत नसे. मामा पिशवीत आदल्या दिवशीचा पेपर घेऊन यायचा. अर्धी पानं माझ्याखाली, अर्धी त्याच्याखाली. मागे काही म्हातारी मंडळी बसायची, त्यांचं एकच पालुपद. डेम्पोच्या एखाद्या बचावपटूने घाईत बॉल उंच मारला की, "सकयल दवर रे, सकयल!" म्हणजे खाली ठेव, जमिनीवर. बाकीच्या भारतात बॉल वर गेला की टाळ्या पडायच्या, इथे शिव्या. डेम्पोचा खेळ मला पहिल्यांदा कळला तो या म्हाताऱ्यांमुळे. मागून सुटलेला बॉल क्लायमॅक्स लॉरेन्सकडे, तिथून क्लिफर्ड मिरांडाकडे, मग ब्राझीलचा बेटो, आणि शेवटी रँटी मार्टिन्स. घाई कसली ती नाही.

ज्यांनी तो संघ पाहिलाय त्यांनी लिहा. ज्यांना कुलासो फार मोठे वाटत नाहीत त्यांनीही लिहा. भांडू.

कूपरेज_गेट_दोन
धागा काढल्याबद्दल आभार. पण एक नोंद करून ठेवतो. तुमच्या पाचांच्या मध्ये २००५-०६ चं एक भोक आहे ना, ते आमचं. महिंद्रा युनायटेड! त्या मोसमात लीग मुंबईत आली होती. अर्थात तेव्हा आमचे प्रशिक्षक कोण होते? डेरिक परेरा. तेही गोव्याचेच. म्हणजे त्या काळात लीग जिंकायची तर गोव्याचा माणूस लागायचा, एवढं मान्य.

आता माझी जखम. मी महिंद्राचा, पण २०१० मध्ये क्लबच बंद केला त्यांनी. मग करायचं काय, म्हणून एअर इंडियाला पाठिंबा द्यायला लागलो. निदान मुंबईची टीम. ३० मे २०११. मी लोकलमध्ये, दारात लोंबकळतोय. मित्राचा मेसेज: डेम्पो १४, एअर इंडिया ०. मला वाटलं, याचं बोट अडकलं, १ किंवा ४ म्हणायचं असेल. मी परत विचारलं, "१ की ४?" त्याचं उत्तर आलं, "दोन्ही."

लीगच्या इतिहासातला सगळ्यांत मोठा विजय आहे तो. कुलासोंचं नाव काढलं की मला आधी ती लोकल आठवते. गंमत म्हणजे त्या मोसमात लीग डेम्पोने नाही, साळगावकरने जिंकली.

मधली_फळी
"दोन्ही" 😂 मेलो.

गणिती
भांडू म्हणालात म्हणून लिहितो. आदर आहेच, पण जरा थंड डोक्याने बघू या. डेम्पोकडे त्या काळात पैसा होता. बऱ्याच क्लबांकडे पगार वेळेवर द्यायची मारामार, तिथे हे खेळाडू वर्षानुवर्षं सांभाळू शकत होते. आणि रँटी. २०१०-११ मध्ये ३० गोल, २०११-१२ मध्ये ३२. पाचही लीगांच्या वेळी तो संघात होता. असा आघाडीवीर असेल तर डगआउटमध्ये माझी आजी बसवली तरी टीम पहिल्या तिनात येईल. पाच विजेतेपदांमध्ये प्रशिक्षकाचा वाटा किती आणि रँटीचा किती, याचा हिशोब कुणी मांडेल का?

सावंतवाडीकर
@गणिती, आजीचा बायोडेटा पाठवा 🙂

हिशोब मांडायचा तर सोपा आहे. २०१२ मध्ये रँटी डेम्पो सोडून कोलकात्याच्या प्रयाग युनायटेडमध्ये गेला. गोल तिथेही करतच राहिला. प्रयागने लीग जिंकली? नाही. आता दुसरी बाजूही सांगतो, म्हणजे माझ्यावर आरोप नको. रँटी गेल्यावर डेम्पोनेही परत कधी लीग जिंकली नाही. म्हणजे तुमचा मुद्दा अर्धा खरा. पण अर्धाच.

पैशाचं म्हणाल तर कोलकात्याच्या दोन मोठ्या क्लबांकडे काय कमी होतं? शिवाय एक-एक लाखाच्या घरात प्रेक्षक. नव्हता तो धीर. तिथे तीन मॅच हरल्या की प्रशिक्षक बदलायचा.

टॅकल_मास्तर
गणिती यांना अजून एक उत्तर. नुसता रँटी बघू नका, रँटीच्या मागे कोण होते बघा. समीर नाईक, क्लिफर्ड, क्लायमॅक्स, अँथनी परेरा. नंतर महेश गवळी आला. सगळी गोव्यातलीच पोरं, तीच नावं मोसमामागून मोसम त्याच यादीत. मी त्या वेळी पुण्यात होतो. पुणे एफसी २००९-१० ला पहिल्यांदा आय-लीगमध्ये आली आणि पहिल्याच मोसमात तिसरी आली, त्यामुळे आम्ही भलतेच हवेत. बालेवाडीला डेम्पो आली की मात्र आमची हवा उतरायची. आमचे खेळाडू एकमेकांना ओरडून जागा सांगायचे. डेम्पोवाले बोलतच नसत. उजव्या बाजूचा बघायचाही नाही, बॉल सोडून द्यायचा, आणि तिथे कुणी तरी असायचाच. शेजारी बसलेला एक जण वैतागून म्हणाला होता, "ह्यांचं लग्न झालंय का एकमेकांशी?"

अशी समज विकत मिळत नाही. एकाच माणसाच्या हाताखाली दहा-दहा वर्षं खेळावं लागतं.

वार्केचा_चर्चिल
इथे चर्चिल ब्रदर्सचा माणूस चालेल का? की हाकलताय?

सावंतवाडीकर
या या. खुर्ची घ्या.

वार्केचा_चर्चिल
२००७-०८. पहिली आय-लीग. आमच्याकडे ओडाफा ओकोली, त्या मोसमात २२ गोल, लीगमध्ये सर्वांत जास्त. लीगचा पहिला आणि दुसरा दोन्ही गोव्यातले. वर डेम्पो, खाली आम्ही. गावात अर्धी घरं एका बाजूला, अर्धी दुसऱ्या. त्या वर्षी माझ्या चुलत्याने डेम्पोवाल्या साडूशी बोलणं टाकलं होतं. चवथीला परत सुरू केलं, कारण मोदक त्यांच्याकडचे चांगले असतात.

मधली_फळी
हो, आठवतंय. एका गुणाने गेली ना तुमची?

वार्केचा_चर्चिल
एका गुणाने गेली असती तर झोप लागली असती. गुण सारखे होते हो! ३६ आणि ३६. गोलफरकावर गेली. अठरा मॅच खेळायच्या, सारखे गुण मिळवायचे, आणि मग कुणी तरी वहीत वजाबाकी करून सांगणार की तुम्ही दुसरे.

तेव्हा मी कुलासोंना भरपूर शिव्या दिल्या आहेत. आता पन्नाशीला आल्यावर कबूल करतो. ओडाफासारखा माणूस समोर असताना पहिले येणं सोपं नव्हतं. आमचे प्रशिक्षक बदलत राहिले, त्यांचा तोच राहिला. आम्ही २००८-०९ ला लीग जिंकली, पण पुढच्याच वर्षी परत डेम्पो. खरूज जाते, हे लोक जात नाहीत.

पाटाकडचा
आमच्या कोल्हापुरात पेठेपेठेत फुटबॉल हाय, पण आय-लीग कुणी बघत नव्हतं हे खरं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच म्हणजे अख्खं गाव. डेम्पोचं नाव मात्र ठाऊक होतं. आमच्या तालमीचे एक वस्ताद मधल्या फळीतल्या पोरांना सांगायचे, "गोव्यासारखं खेळा, आकाशात कबुतरं उडवू नका."

बाकी चालू द्या, वाचतोय. लई भारी.

मडगावची
मी इथे सहसा लिहीत नाही, फक्त वाचते. पण हा धागा बघून राहवलं नाही.

सगळे पाच लीगांबद्दल बोलताय. मला त्यातल्या पहिलीबद्दल सांगायचंय, कारण ती समजल्याशिवाय बाकीच्या चार समजत नाहीत.

५ डिसेंबर २००४, रविवार. बंगळूरला फेडरेशन कपची अंतिम मॅच, डेम्पो विरुद्ध मोहन बागान. मी तेव्हा अकरावीत. आमच्या घरात बाबा डेम्पोचे, इतके की आई त्यांना "दुसरी बायको काय म्हणते?" असं विचारायची. त्या मोसमात आमच्याकडे एक नवा ब्राझिलियन आला होता, क्रिस्तियानो ज्युनियर. आदल्या वर्षी तो ईस्ट बंगालकडे होता, तिथे गोलांचा रतीब घातला होता त्याने. अंतिम सामन्यात दोन गोल झाले, दोन्ही त्याचे. दुसरा गोल करताना तो धावत आला आणि बागानच्या गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली. बॉल जाळ्यात गेला. तो उठला नाही. पंचवीस वर्षांचा होता.

बाबांना संध्याकाळी फोन आला की आपण जिंकलो. अर्ध्या तासाने दुसरा फोन आला. त्यांनी रिसिव्हर खाली ठेवला आणि कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. मला वाटलं आजीचं काही झालं. सोमवारी सकाळी पेपर आला तेव्हा तो उघडायला कुणीच पुढे होईना. आमच्या कॉलेजात, जिथे डेम्पो आणि चर्चिलवाल्या पोरांची रोज जुंपायची, त्या दिवशी कुणी कुणाला काही बोललं नाही.

आता विचार करा. त्या संघाला पुढे लीग खेळायची होती. काही आठवड्यांत. त्याच मुलांना, ज्यांनी आपला सोबती मैदानात पडलेला पाहिला. कप जिंकून आणलाय, पण तो कुणाला दाखवायचा? त्या ड्रेसिंग रूममध्ये काय झालं ते मला माहीत नाही आणि माहीत असल्याचं सोंगही आणणार नाही. पण निकाल सगळ्यांसमोर आहे. डेम्पो २००४-०५ ची लीग जिंकली. त्यांची पहिली. दोन गुणांनी, आणि मागे होती स्पोर्टिंग क्लब द गोवा. नंतर क्लबने दहा नंबरची जर्सी बाजूला ठेवली.

लोक म्हणतात प्रशिक्षकाचं काम म्हणजे फळ्यावर बाण काढणं. असेल. त्या वर्षी त्या माणसाला बाण काढायच्या आधी बरंच काही करावं लागलं असणार. कुणी वीस-बावीस वर्षांच्या पोरांना परत मैदानात उतरवून दाखवावं, मग आपण रँटीचा वाटा मोजू.

गणिती
@मडगावची, हे मला माहीत होतं, पण लीगशी असं जोडून कधी पाहिलं नव्हतं. माझ्या आजीचा अर्ज मागे घेतो.

कूपरेज_गेट_दोन
अंगावर काटा आला. मी त्या वेळी वाचलं होतं फक्त.

टॅकल_मास्तर
@मडगावची यांच्या लिहिण्याला एक पुढची गोष्ट जोडतो.

२०११. राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक बॉब हॉटन पद सोडून गेले आणि संघ तात्पुरता कुलासोंकडे आला. विश्वचषकाची पात्रता फेरी तोंडावर, हातात काही आठवडे. त्यांच्या हाताखालच्या संघात पहिला गोलरक्षक कोण? सुब्रतो पाल. तोच, २००४ च्या अंतिम सामन्यात समोर असलेला. तेव्हा तो कोवळा पोरगा होता, आणि त्या टकरीचं ओझं त्याच्याही मानेवर बसलं. पुढे तो आमच्या पुण्याकडून खेळला. बालेवाडीला पाहुण्या संघांचे समर्थक काय काय ओरडायचे ते मी ऐकलंय, इथे लिहिणार नाही. आणि सात वर्षांनी त्याच माणसाला भारताच्या गोलपोस्टमध्ये उभं केलं ते क्रिस्तियानोच्या प्रशिक्षकाने.

यावर कुणी फार लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. मला तरी हे पाच लीगांइतकंच मोठं वाटतं.

बाकी राष्ट्रीय संघाबरोबर त्यांचं जमलं नाही असं सरसकट म्हणतात, त्यातही अर्धवट माहिती आहे. जुलैमध्ये दोह्यात कतारला २-१ हरवलं होतं. मैत्रीपूर्ण सामना का असेना, कतारच्या घरात. मग अल ऐनला अमिरातीविरुद्ध पहिल्या पंचवीस मिनिटांच्या आतच दोन लाल कार्डं: देबब्रत रॉय आणि सुब्रतो. तासाहून जास्त वेळ नऊ जण. ३-० हरलो. नऊ जणांत तीनच गोल खाल्ले हे कुणी बघत नाही. परतीची मॅच दिल्लीला २-२. एवढ्यावर माणसाचा निकाल लावायचा? काही महिन्यांत सावियो मेदेरा आले.

वार्केचा_चर्चिल
सावियो पण गोव्याचेच. फक्त नोंद 🙂

साल्टलेकवासी
मी नोकरीनिमित्त २०१२ पासून कोलकात्यात. मराठी मंडळाच्या गणपतीपेक्षा ईस्ट बंगाल-मोहन बागान डर्बीला जास्त वेळा गेलोय, बायको हे इथे वाचत नाही म्हणून लिहितो.

कुलासो नोव्हेंबर २०१३ मध्ये ईस्ट बंगालकडे आले तेव्हा आमच्या ऑफिसातले बंगाली सहकारी विभागले गेले होते. एक गट म्हणे, पाच लीग जिंकलेला माणूस, अजून काय पाहिजे. दुसरा म्हणे, गोव्याचा माणूस शांत, त्याला इथलं प्रेशर झेपेल का? आमच्या मजल्यावर चहा द्यायला यायचा तो काका कट्टर लाल-पिवळा. रोज सकाळी कपाबरोबर तोंडी अहवाल: काल सरावाला कोण आलं, कोणाचा गुडघा दुखतोय. इथल्या क्लबच्या प्रशिक्षकाला सकाळी पेपर, दुपारी क्लबच्या लॉनवरचे सदस्य आणि संध्याकाळी टीव्ही असे तिघे मालक असतात. चहावाले काका चौथे.

त्या मोसमात ईस्ट बंगाल लीगमध्ये दुसरं आलं. पहिले कोण, तर बंगळूर एफसी, नवा कोरा क्लब, पदार्पणातच. बाहेरच्याला वाटेल दुसरा नंबर म्हणजे चांगलं. इथे मात्र दुसरा नंबर म्हणजे सुतक. पुढच्या वर्षी रँटी ईस्ट बंगालकडे आला आणि जुनी जोडी परत जमली म्हणून काका इतके खूश की त्या दिवशी चहात साखर दुप्पट. कोलकाता लीग जिंकली. पण फेब्रुवारी २०१५ मध्ये कुलासो गेले. काका दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी नव्या प्रशिक्षकाचा अहवाल सुरू.

मला वाटतं तेरा वर्षं डेम्पोत राहता आलं हेच त्यांचं खरं भाग्य, आणि डेम्पोचंही. क्लबने बारा महिन्यांचा हिशोब मागितला असता तर २००४ ची लीग आलीच नसती.

मधली_फळी
पण मग हे नाव विसरलं का गेलं? मला वाटतं आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग. २०१४ ला ती आली, टीव्ही, तारे, परदेशी प्रशिक्षक. आय-लीग दुसऱ्या पंगतीत गेली. आणि आठवणीही तिच्याबरोबर गेल्या. आताच्या विशीतल्या पोरांना भारतीय फुटबॉल २०१४ ला सुरू झाला असं वाटतं.

वार्केचा_चर्चिल
बरोबर. २०१६ ला डेम्पो, साळगावकर, स्पोर्टिंग तिघे आय-लीगमधून बाहेर पडले. डेम्पोने तर त्याच वर्षी दुसरी डिव्हिजन जिंकून वर यायचा हक्क मिळवला होता! जिंकले आणि घरी बसले. मी चर्चिलचा, मला आनंद व्हायला हवा होता. पण ज्याच्याशी भांडायचं तोच उठून गेला तर मजा काय? चुलते आणि साडू आता एकाच बाकावर बसून टीव्हीवर इंग्लंडची मॅच बघतात. भिकार दिसतं ते.

पाटाकडचा
एक सांगू? २०२४ चे राष्ट्रीय क्रीडा पुरस्कार जाहीर झाले तेव्हा आमच्या स्वप्नील कुसाळेला अर्जुन मिळाला, म्हणून गावभर पेढे. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे यांना द्रोणाचार्य. मी ती यादी चार वेळा वाचली, कौतुकाने. त्याच द्रोणाचार्यच्या यादीत, जीवनगौरव गटात, आर्मांदो ॲग्नेलो कुलासो हे नाव होतं. चारही वेळा माझी नजर त्यावरून गेली आणि मी थांबलो नाही. आज हा धागा वाचताना ट्यूब पेटली.

वस्तादांना दाखवतो हे.

सावंतवाडीकर
@पाटाकडचा, जानेवारी २०२५ ला राष्ट्रपती भवनात मिळाला तो. मलाही मामाचा फोन आला म्हणून कळलं. लीगच्या शेवटच्या विजेतेपदानंतर जवळजवळ तेरा वर्षांनी. मी म्हटलं, उशीर झाला. मामा म्हणाला, "पोस्टान येता तें उशिराच येता."

आणि डेम्पो परत आलीय बरं का. २०२४-२५ ला आय-लीगमध्ये पुन्हा. प्रशिक्षक समीर नाईक! कुलासोंच्या हाताखालचा बचावपटू आता त्याच क्लबच्या डगआउटमध्ये. क्लिफर्डने ओडिशाला २०२३ चा सुपर कप जिंकून दिला. महेश गवळीही प्रशिक्षकच झालाय. एका संघातून तीन-तीन प्रशिक्षक निघावेत, याला योगायोग म्हणायला माझी तयारी नाही.

गणिती
हा मात्र हिशोबात धरण्यासारखा मुद्दा आहे. प्रशिक्षकाचा वाटा मोजायचा तर त्याच्या खेळाडूंपैकी किती जण पुढे शिकवायला लागले ते बघावं. मी सुरुवातीलाच हे बघायला हवं होतं.

कूपरेज_गेट_दोन
अवांतर: फातोर्ड्याच्या बाहेर रस-ऑम्लेट कुठल्या गाड्यावर चांगलं मिळतं? डिसेंबरात येतोय.

वार्केचा_चर्चिल
यावर वेगळा धागा काढा. इथे सुरू झालं तर डेम्पो-चर्चिलपेक्षा मोठं भांडण होईल.

मडगावची
गाडा कुठलाही चालेल, पाव मात्र उंडोच मागा. पोई नको, रस नीट टिपत नाही.

वार्केचा_चर्चिल
झालं. सुरू झालं. पोईच!!

मधली_फळी
😂 परत विषयावर येतो. २००८ च्या एएफसी कपचा कुणी उल्लेखच केला नाही. डेम्पो उपांत्य फेरीपर्यंत गेली होती, लेबनॉनच्या सफाकडून हरली. त्या वेळी भारतीय क्लबने आशियात एवढं पुढे जाणं ही मोठी गोष्ट होती.

टॅकल_मास्तर
बरोबर, राहिलंच होतं. धन्यवाद.

सावंतवाडीकर
दोन दिवस गायब होतो, म्हापशाला जाऊन आलो. मामाला हा सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, त्याला स्वतःला वाचता येत नाही सध्या. चर्चिलवाल्यांच्या वजाबाकीवर खूप हसला. रस-ऑम्लेटच्या भांडणात तो पोईच्या बाजूने आहे, @मडगावची, माफ करा.

तुमचा क्रिस्तियानोबद्दलचा प्रतिसाद वाचताना त्याने मला मध्येच थांबवलं. उठला, कपाटातल्या चादरींच्या खालून एक पेपर काढला. ६ डिसेंबर २००४ चा. पिवळा पडलाय, घडीवर विरलाय. मी म्हटलं, मामा, तू तर सगळे पेपर फातोर्ड्याच्या पायऱ्यांवर संपवायचास. तर म्हणाला, "ह्याच्यार बसूंक जालें ना."

मडगावची
त्या पानाचा फोटो टाकाल का? आमच्याकडचा आईने रद्दीत दिला होता.

सावंतवाडीकर
मागितला. मामा म्हणतो, बघायचा असेल तर घरी या, फोटो काढायचा नाही.

मडगावची
पत्ता व्यनि करा. रविवारी बाबांना घेऊन येते.